गणनेचे शब्द आणि शब्दांची गणना

कोणत्याही अपरिचित भाषेची ओळख करून घेताना अभ्यासक बहुधा प्रथम तिचे अंक विचारतो. कारण उघड आहे. देव, आत्मा, पाप, कृपा यांसाठी शब्द विचारावयाचे तर दोघांमध्ये एखादी तिसरी भाषा लागते आणि बराच विश्वासही लागतो. अंक विचारावयास हाताची बोटे पुरतात. त्यामुळे लहान भाषांविषयी जी जुनी माहिती आपल्याजवळ आहे, तीत अंकांच्या याद्या हमखास सापडतात. या याद्यांवरून त्या त्या लोकांच्या बुद्धीविषयी, संस्कृतीविषयी, इतकेच नव्हे तर त्यांच्या भाषेच्या प्रार्थनेसंबंधीच्या पात्रतेविषयीही मते बनविण्यात आली. ती मते कितपत टिकतात, हे मलाया द्वीपकल्पातील आदिवासी भाषांच्या आधारे तपासून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय वरवर पाहता आपल्या धर्मग्रामांपासून फार दूरचा वाटेल. तथापि ज्या भाषाकुलात या भाषा मोडतात, त्याच कुलातील कोरकू ही भाषा निमाड, बैतुल आणि मेळघाट या भागांत बोलली जाते. इंदूर, खांडवा व अमरावती यांच्या परिसरात सेवा करणाऱ्या धर्मगुरूंच्या व धर्मशिक्षकांच्या ती कानावर पडते. मलायातील भाषांकडे पाहताना जो दृष्टिदोष घडला, तो आपल्या अंगणातही घडण्याचा संभव आहे. म्हणून हा प्रपंच.

१. ब्लॅग्डेन यांची यादी

सन १९०६ मध्ये लंडन येथे वॉल्टर विल्यम स्कीट आणि चार्ल्स ऑटो ब्लॅग्डेन यांचा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोघेही मलायात इंग्रजी मुलकी सेवेत राहिलेले होते. ग्रंथाच्या नावाचा अर्थ ‘मलाया द्वीपकल्पातील विधर्मी जाती’ असा होतो. हे नावच विचार करावयास लावणारे आहे. हे लोक कोण आहेत हे ते सांगत नाही. ते मुसलमान नाहीत आणि ख्रिस्तीही नाहीत, एवढेच सांगते. ज्यांची ओळख ‘नाही’ या शब्दाने सुरू झाली, त्यांच्या भाषेतही प्रथम काय नाही हेच पाहिले जावे, यात नवल नाही.

आज या लोकांना ‘ओरांग अस्ली’, म्हणजे मूळचे लोक, असे म्हटले जाते. मलेशिया शासन त्यांचे अठरा गट मानते. एकूण लोकसंख्या सुमारे दोन लाखांच्या घरात आहे. त्यांपैकी दक्षिणेकडील काही गट मलाय भाषेच्याच निकटच्या बोली बोलतात. परंतु बहुतेक गटांच्या भाषा मलायहून सर्वस्वी वेगळ्या कुलातील आहेत. या दुसऱ्या समूहास विद्वान ‘अस्लियन’ भाषा म्हणतात. सेमाई, तेमियार, जहाई, सेमेलाई, मह मेरी ही त्यांतील काही नावे होत.

ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात ब्लॅग्डेन यांनी भाषांची चर्चा केली आहे आणि तुलनात्मक शब्दसंग्रह जोडला आहे. निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या व्यक्तींनी टिपून ठेवलेल्या याद्या गोळा करून, पारखून आणि एकत्र मांडून तो सिद्ध झाला. त्यामागील श्रम पाहिले की मन आदराने भरून येते. आजही या भाषांच्या अभ्यासकाला तो डावलून पुढे जाता येत नाही. आपण जी चिकित्सा करणार आहोत ती या परिश्रमाची नव्हे. अशा याद्यांवरून जे अनुमान पुढे रूढ झाले, त्याची आहे.

तेमियार भाषेचे उदाहरण घेऊ. पेराक आणि केलांतान या राज्यांतील डोंगराळ प्रदेशात ती बोलली जाते. बोलणारे सुमारे तीस हजार असतील. तिच्यातील पहिले तीन अंक तिचे स्वतःचे आहेत: नेय, नार, ने. चारपासून पुढे मात्र मलाय भाषेतील अंपात, लिमा, अनाम, तुजूह हे शब्द सुरू होतात. सेमाईची स्थितीही जवळजवळ अशीच आहे. यादी वाचणारा येथे थांबतो आणि म्हणतो, ‘या लोकांना तीनपुढे मोजता येत नव्हते; पुढचे मोजणे त्यांना मलाय लोकांनी शिकविले.’ दिसावयास हे अनुमान निर्दोष आहे. वस्तुतः ते उलटे आहे.

२. नसलेला शब्द की गेलेला शब्द?

ते उलटे कसे, हे याद्याच सांगतात. मात्र एकच यादी पाहून चालत नाही. द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडील मह मेरी भाषेत, जिला ब्लॅग्डेन यांच्या काळी बेसिसी म्हणत, तीनला ‘म्पे’ आणि चारला ‘म्पोन’ अशा ध्वनीचे शब्द नोंदलेले आहेत. कंबोडियाच्या ख्मेर भाषेत तीनला ‘बेइ’ आणि चारला ‘बुओन’ म्हणतात. व्हिएतनामी भाषेत चारला ‘बोन’ म्हणतात. आता आपल्याकडे वळू. संथाळीत तीनला ‘पे’ व चारला ‘पोन’ हे शब्द आहेत. कोरकूत तीन म्हणजे ‘अफई’ आणि चार म्हणजे ‘उफुन’.

मेळघाटापासून मेकाँगच्या मुखापर्यंत पसरलेल्या आणि हजारो वर्षे एकमेकींपासून तुटलेल्या या भाषांत चारसाठी एकच शब्द थोड्याफार फरकाने आढळत असेल, तर तो त्यांच्या मूळ भाषेत होता याविषयी शंका राहत नाही. तेमियार ही याच घराण्यातली. याचा अर्थ असा की तिच्या पूर्वजांजवळ चारचा शब्द होता. तो पुढे वापरातून गेला आणि त्याच्या जागी मलाय शब्द आला. ज्याला आपण बाल्यावस्था समजत होतो, तो एका दीर्घ इतिहासाचा शेवट आहे. नसलेला शब्द आणि गेलेला शब्द यांत जन्मतः निर्धन असलेला आणि परिस्थितीने निर्धन झालेला यांच्यातील अंतर आहे. यादीत दोघांची जागा सारखीच रिकामी दिसते.

हे नाते प्रथम समर्थपणे मांडणारे विद्वान एक धर्मगुरूच होते, हे येथे अभिमानाने नमूद केले पाहिजे. दिव्य शब्द संघाचे फादर विल्हेल्म श्मिट यांनी १९०१ मध्ये मलायातील या भाषांवर प्रबंध प्रसिद्ध केला. १९०६ मध्ये, म्हणजे स्कीट व ब्लॅग्डेन यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, त्यांनी भारतातील मुंडा भाषा, खासी, निकोबारी आणि इंडोचीनमधील मोन-ख्मेर भाषा यांना एका सूत्रात ओवून ‘ऑस्ट्रोएशियाटिक’ हे नाव दिले. पुढे अमेरिकन विद्वान नॉर्मन झाइड यांनी मुंडा अंकांचाच स्वतंत्र अभ्यास करून तो १९७८ मध्ये म्हैसूर येथून प्रसिद्ध केला. अंक विचारणे व्यर्थ आहे असा आमचा पक्ष नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. अंक नात्याची उत्तम साक्ष देतात. बुद्धीची साक्ष मात्र ते देत नाहीत.

३. ऋण कसे येते

मग शब्द गेला कसा? अंकांचा उपयोग ज्या ठिकाणी सर्वाधिक होतो, त्या ठिकाणी याचे उत्तर शोधले पाहिजे. अरण्यातील वेत, राळ आणि अगरू यांना बाहेर मोठी मागणी असे. हा माल घेणारा व्यापारी मलाय भाषा बोले आणि बदल्यात मीठ, कापड, लोखंड देई. वेताच्या किती मोळ्या, किती हात कापड, हा प्रश्न त्याच्या भाषेत विचारला जाई आणि त्याच भाषेत मिटविला जाई. घरात तीन मुले आहेत हे आपल्या भाषेत सांगितले तरी चालते; व्यापाऱ्यास सात मोळ्या दिल्या हे त्याला समजेल अशाच भाषेत सांगावे लागते. मोठ्या अंकांचा व्यवहार बाजारात, लहानांचा घरात. म्हणून मोठे अंक बाजाराच्या भाषेत गेले.

त्या बाजारात दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या, हेही विसरता येणार नाही. एकोणिसाव्या शतकात या लोकांवर गुलाम पकडण्यासाठी धाडी पडत. त्यांना ‘साकाई’ म्हटले जाई. त्या शब्दास दास वा आश्रित असा अर्थ चिकटलेला होता. म्हणून तेमियारमधील मलाय अंकांकडे पाहताना, समर्थाच्या दारात उभे राहून व्यवहार करावा लागलेल्या लोकांची ती खूण आहे, हे ध्यानी ठेवावे.

तथापि उसनवारी म्हणजे हीनता नव्हे, हे मलाय भाषेच्याच उदाहरणावरून दिसेल. मलायमध्ये दहा हजारांस ‘लाक्सा’ म्हणत. हा आपला ‘लक्ष’ शब्द, किंमत मात्र दशांशावर आलेली. दहा लाखांस मलायमध्ये ‘जुता’ म्हणतात. हा संस्कृत ‘अयुत’, ज्याचा मूळ अर्थ दहा हजार. पहिला म्हणावयाचे तर ‘पर्तामा’, म्हणजे ‘प्रथम’. ऋण देणारा असा स्वतःच ऋणको निघतो. आणि मराठीचे काय? ‘सहस्र’ पोथीत राहिला व व्यवहारात फारसीतून आलेला ‘हजार’ बसला. मुसलमानी अमलापूर्वी मराठी माणसाला नऊशे नव्याण्णवच्या पुढे मोजता येत नव्हते, असे कोणी म्हणाल्यास आपण हसू. जे अनुमान आपल्या भाषेविषयी हास्यास्पद ठरते, ते तेमियारविषयी विद्वत्तेचे का ठरावे?

४. यादीने न विचारलेला प्रश्न

आतापर्यंत आपण यादीच्या आतच होतो. आता तिच्याबाहेर पाहू. यादी विचारते, ‘चारला काय म्हणता?’ ‘आपल्याला काय म्हणता?’ हे ती क्वचितच विचारते. आणि विचारले तरी एक उत्तर टिपून पुढे जाते.

जेफ्री बेंजामिन यांनी १९७६ मध्ये तेमियार व्याकरणाची रूपरेषा प्रसिद्ध केली. तीवरून दिसते की या भाषेच्या सर्वनामांत एकवचन व अनेकवचन यांबरोबर द्विवचनही आहे. शिवाय प्रथम पुरुषात ऐकणाऱ्यास धरून आणि ऐकणाऱ्यास वगळून असा भेद आहे. मराठीतील ‘आपण’ व ‘आम्ही’ यांतील भेद तोच. फक्त तेमियारमध्ये तो दोघांसाठी वेगळा आणि अनेकांसाठी वेगळा. ‘मी आणि तू’ असे दोघे असल्यास ‘आर’. ‘मी आणि दुसरा कोणी, तू नव्हे’ असे दोघे असल्यास ‘यार’. तिघे किंवा अधिक असल्यास आणखी दोन निराळी रूपे. म्हणजे तेमियार बोलणारा ‘आम्ही’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी दोन गोष्टी मनाशी ठरवितो: आम्ही किती जण आहोत, आणि समोरचा आमच्यात आहे की नाही. ज्याला ‘तीनपुढे मोजता येत नाही’ म्हणून आपण यादीत नोंदविले, तो प्रत्येक वाक्यात माणसे मोजून बोलतो. वेताच्या मोळ्या मोजावयास त्याने शब्द उसने घेतले. माणसे मोजण्याचे साधन मात्र व्याकरणात, स्वतःजवळ ठेवले.

भाषांतराच्या दृष्टीने याचे महत्त्व केवढे आहे ते पाहा. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत द्विवचन उरलेले नाही, आणि समावेशक व व्यावर्तक ‘आम्ही’ यांतील भेदही नाही. एकच सर्वनाम सर्वत्र येते. लूकच्या चोविसाव्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्य प्रभूला आपल्याबरोबर राहण्याचा आग्रह करतात. आणि तो अदृश्य झाल्यावर एकमेकांशी आपल्या अंतःकरणाविषयी बोलतात. ग्रीकमध्ये दोन्हीकडे सर्वनाम एकच. मराठीत पहिल्या ठिकाणी ‘आम्ही’ व दुसऱ्या ठिकाणी ‘आपण’ येणार. तेमियारमध्ये पहिल्या ठिकाणी ‘यार’ व दुसऱ्या ठिकाणी ‘आर’ यावे लागेल. वाटेवर दोघेच होते, हे ती भाषा श्रोत्याला क्षणभरही विसरू देणार नाही.

योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू यहुदी लोकांपुढे पित्याशी असलेले आपले एकत्व सांगतो. सतराव्या अध्यायात तेच एकत्व तो पित्यालाच उद्देशून बोलतो. एकीकडे ऐकणारे त्या ‘आम्ही’च्या बाहेर आहेत, दुसरीकडे ऐकणारा स्वतः पिता आहे, म्हणून तो त्या ‘आपण’च्या आत आहे. आपण ज्यावर पाने लिहितो, ते या भाषेला एका अक्षराने सांगावे लागते.

याहून अवघड प्रसंग उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात येतो. मनुष्य निर्माण करण्याच्या वेळी देव स्वतःविषयी अनेकवचनात बोलतो. हिब्रू भाषेत काही नामांना द्विवचन आहे, सर्वनामांना नाही. म्हणून मूळ वचन मोघम राहते. संत जस्टिन यांनी हे उद्गार पित्याने आपल्यापासून जन्मलेल्या ज्ञानाला उद्देशून काढले असे मानले; त्यांच्या मते बोलणारा व ऐकणारा असे दोघे झाले. संत इरेनियस यांनी ते पुत्र व आत्मा या दोघांना उद्देशून मानले. म्हणजे तिघे झाले. स्वर्गीय परिषदेचा अर्थ घेणारे आधुनिक टीकाकार अनेक मानतात. मराठी भाषांतरकार ‘आपण’ लिहून हा वाद टाळू शकतो. द्विवचन असलेल्या भाषेत तो टळत नाही. द्विवचन वापरले तर जस्टिनचा अर्थ, अनेकवचन वापरले तर इरेनियसचा किंवा आधुनिकांचा. अंकदारिद्र्याचा आरोप ज्या भाषेवर झाला, ती आपल्या आचार्यांमधील मतभेद एका सर्वनामात उघड करते.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. तेमियारमध्ये एक आणि तीन हे दोन्ही अंक स्वतःचे राहिले आहेत, म्हणून ती भाषा त्रैक्याच्या शिकवणीसाठी जणू राखून ठेवलेली आहे, असा मोह एखाद्या प्रवचनकारास होईल. तो आवरावा. देवाठायी संख्या कोणत्या अर्थाने बोलावी, हा प्रश्न संत बझिल यांनी पवित्र आत्म्याविषयीच्या ग्रंथात हाताळला आहे. वस्तूंमागून वस्तू ठेवून बेरीज करावी तशी पिता, पुत्र व आत्मा यांची मोजणी करू नये, असे त्यांचे सांगणे आहे. संत थॉमस अक्वायनस यांचाही आशय असा की देवाविषयी वापरलेले संख्यावाचक शब्द परिमाण सांगत नाहीत. तेव्हा अंक देशी की परदेशी, यावर शिकवणीची शुद्धता अवलंबून नाही. ‘तिघे’ म्हणताना तीन देव मोजले जात नाहीत, हे सांगण्याचे कष्ट प्रत्येक भाषेत घ्यावेच लागतात. मराठीतही आपण ते रोज घेतो.

५. मोजणे आणि वाटणे

मोजण्याकडे पाहण्याची वृत्तीही भाषेइतकीच विचारात घ्यावी लागते. रॉबर्ट डेंटन यांनी सेमाई लोकांवरील १९६८ च्या पुस्तकात एक निरीक्षण नोंदविले आहे. शिकारीचे मांस वाटून मिळाले असता देणाऱ्याचे आभार मानणे सेमाई समाजात असभ्य ठरते. आभार मानणाऱ्याने मिळालेला वाटा मनात मोजला, आणि देणारा इतका उदार असेल अशी त्याची अपेक्षा नव्हती, असा त्याचा अर्थ होतो. सिग्ने हॉवेल यांनी चेवोंग या लहानशा गटाविषयीही लिहिले आहे की अरण्यातून आणलेले अन्न सर्वांसमोर आणून लगेच वाटलेच पाहिजे. एकट्याने खाणे हा संकट ओढवणारा दोष मानला जातो.

वाटणी हा ज्यांचा धर्म आहे, त्यांना हिशेबाचे मोठे शब्द घरात लागत नसतील, तर त्याला दारिद्र्य म्हणावे काय? मत्तयच्या अठराव्या अध्यायात पेत्र क्षमेचा आकडा विचारतो आणि प्रभू त्याला असा आकडा देतो की मोजणाराच थकावा. तेमियार किंवा सेमाई भाषेत तो आकडा मलाय शब्दांनीच सांगावा लागेल. परंतु त्या आकड्याचा अर्थ, म्हणजे मोजू नकोस, हा सेमाई श्रोत्याला सांगण्याची गरज आपल्यापेक्षा कमी पडेल. तसेच शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या शेवटी दाविदाने केलेल्या जनगणनेचे वृत्त आहे. माणसे मोजण्यात पाप कोणते, हा प्रश्न आपले धर्मशिक्षणार्थी नेहमी विचारतात. ज्यांना इतरांनी मोजले ते स्वतःच्या उपयोगासाठी, त्या लोकांना तो प्रश्न कदाचित पडणार नाही.

मात्र येथे गोड कल्पनांना वाव देऊ नये. मोजता न आलेला माणूस बाजारात लुबाडला जातो. मलाय अंक शिकणे ही त्या लोकांची गरज होती आणि आजही आहे. ते शिकून त्यांनी शहाणपणाच केला. वाटणीची वृत्ती थोर आहे म्हणून त्यांनी हिशेब शिकू नये, असे म्हणणारा त्यांचा मित्र नव्हे.

६. गौरवातील दोष

फादर श्मिट यांचा उल्लेख वर आदराने केला. तो आदर राखूनच त्यांच्या विचारातील एक उणीव दाखविणे आवश्यक आहे. ‘देवकल्पनेचा उगम’ या आपल्या बारा खंडांच्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादिले की मानवजातीचा आद्य धर्म एकेश्वरवादी होता आणि अत्यंत साध्या जीवनाच्या अरण्यवासी जमातींत त्याचे अवशेष टिकून आहेत. त्यांच्या या विचाराच्या प्रेरणेने त्यांच्याच संघाचे फादर पॉल शेबेस्टा १९२४ व १९२५ या काळात मलायातील सेमांग लोकांत जाऊन राहिले. श्मिट स्वतः त्यांच्यात गेले नाहीत. शेबेस्टा यांनी आणलेली माहिती अमोल आहे, आणि ती नेहमीच गुरूच्या सिद्धांतात चपखल बसत नव्हती, हे तिचे आणखी एक मोल.

एका पक्षाने या लोकांना अपुरे मानले. श्मिट यांनी त्यांना आद्य व निर्मळ मानले. दुसरे मत अर्थातच अधिक प्रेमळ आहे. परंतु इतिहास दोघांनीही त्यांच्याकडून काढून घेतला. चारचा शब्द गेला, मलाय शब्द आला, व्यापार झाला, धाडी पडल्या, काहींनी शेती धरली, काहींनी सोडली: हा सगळा इतिहास आहे, आणि इतिहास असलेले लोक कोणाच्याही आरंभबिंदूचे नमुने नसतात. ख्रिस्तसभेने एखाद्या लोकसमूहाकडे जावे ते आपल्या सिद्धांताचा साक्षीदार शोधण्यासाठी नव्हे. शुभवर्तमान ऐकणारा माणूस प्रथम त्याच्या स्वतःच्या नावाने उभा राहिला पाहिजे.

७. आपल्या क्षेत्रासाठी

दिव्य शब्द संघाचे धर्मगुरू १९३२ मध्ये इंदूरला आले. त्यांच्यापैकीच फादर स्टीफन फुक्स यांनी निमाडातील बलाही समाजावर १९५० मध्ये व विंध्य परिसरातील कोरकूंवर १९८८ मध्ये ग्रंथ लिहिले. अशी परंपरा असलेल्या क्षेत्रात आजही एक वाक्य ऐकू येते: ‘कोरकूत शब्दच नाहीत, अंकसुद्धा हिंदीच वापरतात, मग प्रार्थना हिंदीत किंवा मराठीत केलेली काय वाईट?’ २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक लोकांनी कोरकू ही मातृभाषा सांगितली आहे. तिच्यात एकपासून दहापर्यंत स्वतःचे अंक आहेत: मिया, बारी, अफई, उफुन, मोनोई, तुरुई, एई, इलार, अरे, गेल. पुढच्या संख्यांसाठी, आणि तरुणांच्या बोलण्यात खालच्या संख्यांसाठीही, हिंदी वा मराठी शब्द येतात. कारणे मलायातीलच आहेत: बाजार, शाळा, कचेरी.

आणि कोरकूच्या सर्वनामांतही द्विवचन आहे, समावेशक व व्यावर्तक भेद आहे. ‘आलांग’ म्हणजे मी आणि तू. ‘आलिंज’ म्हणजे आम्ही दोघे, तू सोडून. ‘आबुंग’ म्हणजे आपण सर्व. ‘आले’ म्हणजे आम्ही, तू सोडून. आता प्रभूची प्रार्थना घ्या. ती पित्याला उद्देशून आहे. म्हणून तेथे पित्याला वगळणारे ‘आले’चेच रूप आले पाहिजे. मराठी, गुजराती किंवा तेलुगू येणाऱ्यास हे सहज कळेल, कारण या भाषांत तो भेद आहे. हिंदीत तो नाही. ‘हम’ दोन्हीकडे चालते. हिंदी प्रार्थनेवरून शब्दाला शब्द ठेवून कोरकू पाठ करणाऱ्या भाषांतरकाराने अनवधानाने ‘आबुंग’चे रूप घातले, तर पापक्षमेच्या मागणीत ज्याच्याकडे क्षमा मागावयाची तोच पाप्यांच्या रांगेत येऊन उभा राहील. लग्नविधीत वधूवर एकमेकांशी बोलतात तेव्हा एक ‘आम्ही’ आणि धर्मगुरूंना उत्तर देतात तेव्हा दुसरा ‘आम्ही’ लागेल. ज्या भाषेत ‘शब्दच नाहीत’ म्हणून आपण तिला दूर ठेवतो, ती आपल्याकडून आपल्या नेहमीच्या शब्दांपेक्षा अधिक अचूकपणा मागते.

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्याच्या आसपास बोलल्या जाणाऱ्या निहाली भाषेचे उदाहरण याहून बोलके आहे. बोलणारे अवघे दोन-अडीच हजार. तिच्यात चारपर्यंतचे अंक निराळे असून पाचपासून शेजारच्या आर्य भाषांचे शब्द येतात. शब्दांची मोजणी केली तर फार मोठा भाग कोरकू, मराठी, हिंदी आणि द्राविडी भाषांतून आलेला निघतो. त्यामुळे १९०६ च्या भाषासर्वेक्षणात स्टेन कोनो यांनी तिला मिश्र मानले. १९६२ मध्ये कॉइपर यांनी ती एखादी सांकेतिक बोली असावी का, याचीही चर्चा केली. परंतु त्याच मोजणीत उरलेल्या थोड्या शब्दांना जगात कोठेही आप्त सापडत नाही, आणि म्हणून आज निहाली ही एकाकी, कोणत्याही ज्ञात कुलात न बसणारी भाषा मानली जाते. येथे बहुमताने निर्णय घेणारा चुकतो. भाषेचे स्वत्व जे उरले त्यात आहे.

यावरून धर्मशिक्षक बंधुभगिनींसाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, मधल्या भाषेच्या यादीवरून एखाद्या भाषेत काय नाही, हे ठरवू नये. यादीत नसलेला शब्द वृद्ध स्त्रीपुरुषांच्या तोंडी असू शकतो. दुसरी, कोणत्याही प्रार्थनेचे भाषांतर हाती घेण्यापूर्वी त्या भाषेच्या सर्वनामांचा तक्ता बोलणाऱ्यांबरोबर बसून पुरा करावा, आणि प्रत्येक ‘आम्ही’पाशी थांबून विचारावे: कोण बोलतो, किती जण आहेत, ऐकणारा आत की बाहेर? तिसरी, उसने आलेले अंक उसने म्हणूनच वापरावेत. मेलेले शब्द पोथीतून उकरून बसवू नयेत आणि उसनवारीची लाजही बाळगू नये. बारा टोपल्या ‘बारा’ म्हणून उरल्या काय किंवा ‘दुआ बलास’ म्हणून उरल्या काय, भाकरी तितकीच उरली.

अंकांची यादी ही भाषेच्या घराचा उंबरठा आहे. तेथे पाहुणा येतो, व्यापारी येतो, अंमलदार येतो. म्हणून तेथे परके शब्द सर्वाधिक साठतात. उंबरठ्यावरील पावलांच्या खुणा मोजून घरात माणसे किती आणि कशी आहेत, हे सांगता येत नाही. त्यासाठी आत जावे लागते, बसावे लागते, आणि घरचे लोक आपल्याला ‘आपण’मध्ये धरतात की ‘आम्ही’च्या बाहेर ठेवतात, हे ऐकावे लागते.